न विचारता खुरपलेला किनारा

भास्कर, परवा तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात दिगंबरनं पुन्हा तोच किस्सा सांगितला. भंतेजींचं झालं होतं, तुझ्या शाळेचे हेडमास्तर बोलून खाली बसले होते आणि मांडवातली माणसं जेवणाकडे बघायला लागली होती. तेवढ्यात दिगंबर उठला, डोळे पुसले आणि म्हणाला, "आमचा गुरुजी म्हंजे जालना जिल्ह्यातून जाऊन समुद्र खुरपून आलेला माणूस!" मांडवात हसू आलं. अशा ठिकाणी येतं तसं, दबकं, एकमेकांकडे बघत आलेलं. वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी तुझी माय होती. ती हसली नाही, पण तिला नीट ऐकू तरी कुठं येतं.

दिगंबरचा राग धरू नकोस. पोस्टातला माणूस, पण पोटात काही राहत नाही, हे तूच म्हणायचास. त्याचा तुझ्यावर जीव होता म्हणूनच तो उठला. आणि तो जे सांगतो ते त्याच्या दृष्टीनं खरंच आहे. त्या दुपारी तो सुरूच्या झाडाखाली घोरत पडला होता. जागा झाला तेव्हा तू गुडघ्यावर बसून खुरपत होतास. त्याआधी काय झालं ते फक्त तुला आणि मला माहीत होतं. आता फक्त मला माहीत आहे, आणि नऊ वर्षं मी त्या किश्शावर सगळ्यांबरोबर हसत आलो.

तुझी नोकरी सुरू झाली ती त्या कोकणातल्या गावात. आपल्याकडची किती पोरं तेव्हा तिकडं मास्तर म्हणून गेली आणि बदलीचे अर्ज करत बसली. तू एकटाच असा निघालास की चार वर्षं अर्जच केला नाहीस. तुझी निळी आंतर्देशीय पत्रं यायची, कडेला, घडीवर, जिथं जागा मिळेल तिथं लिहिलेली. एकात तू लिहिलं होतंस, शाळेशेजारच्या तारामावशीनं पहिल्या दिवशी जेवायला बोलावलं, आडनाव विचारलं, मी सांगितलं, आणि तिनं पुढं वाढलं. बस, एवढंच. मी ते पत्र माझ्या दुकानात उभ्या उभ्या वाचलं आणि मासे खायला मिळतात म्हणून गडी खूश आहे असं जीपवाल्या रहीमभाईला सांगितलं. त्या ओळीत काय होतं ते मला कळलं नाही असं म्हणत नाही. कळलं होतं, पण ते कळून घ्यायचं नव्हतं. राजूरला आपण एका बाकावर बसून शिकलो, पण तुझी माय आमच्या रानात रोजानं यायची आणि तिचं पाणी वरून ओतलं जायचं. हे आपल्या दोघांत कधी बोललं गेलं नाही. आपण भांडलो ते भलत्याच गोष्टींवरून.

आपलं मोठं भांडण एकच होतं. तू आधी विचारायचास आणि मी आधी करायचो. शाळेत फळा पुसायच्या आधी तू हात वर करायचास, "सर, पुसू का?" फळ्यावर काहीच नसायचं! हॉटेलात बसलो की चहा ताजा टाकणार का, दूध आजचं का, हे विचारल्याशिवाय तू ऑर्डर देत नव्हतास, आणि तोवर मी पहिला कप संपवलेला असायचा. तू घर बांधलंस तेव्हा आजूबाजूच्या चार घरी जाऊन "खिडकी इकडं काढली तर चालंल ना" हे विचारून आलास. मी म्हणालो, "तुझी जागा, तुझी भिंत, खिडकी काढायला काय लोकाची परवानगी लागती का?" तू म्हणालास, "खिडकी माझी हाय, पण उघडती त्यांच्या अंगणात." मी तुला भित्रा म्हणालो. पुष्कळदा म्हणालो.

मग, तू बदली होऊन इकडं आल्यावर बऱ्याच वर्षांनी, त्या कोकणातल्या शाळेचं पत्र आलं. दिवाळी होऊन गेली होती, आमच्याकडं कापूस वेचणीला आला होता. पावसाळ्यात समुद्रानं आणून टाकलेला कचरा, पिशव्या, जाळ्यांचे तुकडे, सगळा किनारा शाळा आणि गाव मिळून शनिवार-रविवार साफ करणार, जुन्या गुरुजींनी यावं. तू ते पत्र घेऊन दुकानात आलास तेव्हा तुझ्या चेहऱ्याकडे बघून मला हसू आलं. सासरी पहिल्यांदा निघालेल्या पोरीसारखा नाही, माहेरी निघालेल्यासारखा दिसत होतास. "चला ना सगळे," म्हणालास. रहीमभाईची जीप, दिगंबर, तू आणि मी. आम्ही तिघांनी समुद्र पाहिला नव्हता. चाळिशीच्या जवळ आलेली माणसं, आणि समुद्र फक्त कॅलेंडरवर.

शुक्रवारी पहाटे निघालो. मी घरून चार खुरपी आणि दोन विळे पोत्यात घालून आणले, तेव्हा तू विचारलंस, "हे कशाला?"

"साफसफाईला चाललो ना? मंग हातानं उपटत बसू का?"

"तिथं प्लास्टिक उचलायचंय, बापू."

"असू दे. आपलं हत्यार आपल्यासंगं बराबर असतं."

रस्ताभर रहीमभाईच्या कॅसेटी आणि दिगंबरच्या गप्पा. औरंगाबाद, नगर, पुणं मागं पडलं. घाट उतरताना तू खिडकीकडं सरकलास. खिडकीतून हवा बदलली ते आधी तुला कळलं. दिवस मावळायच्या थोडं आधी आपण पोचलो आणि रहीमभाई जीप बंद न करताच खाली उतरला. "या अल्ला," म्हणाला, "याला तर दुसरा काठच न्हाई." आम्ही तिघं येड्यासारखे बघत राहिलो. तू समुद्राकडं बघतच नव्हतास, आमच्याकडं बघत होतास. तो आनंद मी पुन्हा तुझ्या तोंडावर पाहिला नाही, आणि त्याला कारण मी आहे.

तारामावशीनं तुझे दोन्ही हात धरले. शाळेत शिकलेली, आता बाप झालेली माणसं "गुरुजी, गुरुजी" करत आली. राजूरला तुला मायच्या नावानं 'कौसाबाईचा भास्कर' म्हणणारी माणसं अजून होती. इथं सगळं गाव तुला एकाच नावानं ओळखत होतं. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला वाटलं, हा इथंच राहिला असता तर बरं झालं असतं. ते मी तुला बोललो नाही. हेही राहिलंच.

शनिवारी सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर. चपला, बाटल्या, थर्माकोल, फाटकी जाळी. पोरांनी ढीग केले, बायांनी टोपल्या भरल्या. आपण चौघं जोरात होतो. दुपारी भरउन्हात गाव जेवायला घरी गेलं. रहीमभाई जीपचं काहीतरी बघत खाली शिरला होता, दिगंबर आडवा झाला होता. मी मात्र कामाच्या नादात होतो. वर, घरांच्या बाजूला, वाळूवर हिरवा पाला दाट पसरला होता. जाड पानं, जांभळी फुलं, आणि मधे मधे अडकलेल्या पिशव्याच पिशव्या. मी एक पिशवी ओढली तर फाटून हातात आली. मी तुला हाक मारली.

"हे तण काढावं लागंल आधी. त्याबिगर कचरा निघत न्हाई."

तू वाकून बघितलंस. "हे चार वरसं पाह्यलं म्या इथं. कुणी काढलं न्हाई कधी. मावशीला विचारून येतो."

"तण काढायला कुणाला विचारायचं? हरळी पाह्यली न्हाई का कधी? तशीच गाठी गाठीला मुळ्या सोडून राह्यली बघ."

"विचारून येतो, बापू. पाच मिनिटं."

आणि मग मी ते बोललो. चेष्टेत बोललो, पण बोललो. "तुझ्या मायचा जन्म गेला आमच्या रानात खुरपण्यात, अन् तुला तण वळखू येईना? मास्तर झाला म्हणून हात मातीत घालायला लाज वाटती का?"

मी हसत होतो. तू हसला नाहीस. तू माझ्याकडं बघितलंस, फार वेळ नाही. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडलीस, माझ्या हातातलं खुरपं घेतलंस आणि खाली बसलास. खरं सांगतो, इतकं स्वच्छ खुरपताना मी कुणाला पाहिलं नाही. खोलवर, मुळापासून, पाठीमागं काडी न ठेवता. मीही दुसरं खुरपं घेऊन बसलो. थोड्या वेळानं ते दोघं आले, त्यांनी विळे घेतले. उन्हं कलेपर्यंत मोठा पट्टा साफ झाला. नांगरून, वखरून, पेरणीला ठेवलेल्या वावरासारखी पांढरी वाळू. मी कमरेवर हात ठेवून बघत होतो. मला वाटलं, गाव आल्यावर आपली पाठ थोपटणार.

तारामावशी सगळ्यात आधी आली. तिचं घर वाळूला लागून पहिलंच. ती त्या उघड्या पट्ट्याजवळ येऊन थांबली आणि तिथंच बसली. "गुरुजी, हे काय केलात?" तिचा आवाज चढलेला नव्हता. "ही मर्यादवेल. वाळू हीच धरून ठेवते. मागच्या उधाणात पलीकडच्या वाडीत पाणी चुलीपर्यंत गेलं, आमच्याकडं नाही आलं. हिच्यामुळं नाही आलं. आम्ही पोरांना हिच्यावर पाय देऊ देत नाही." मागून माणसं जमली. काल "गुरुजी, गुरुजी" करणारी तोंडं मिटलेली होती. एकानं उपटलेली वेल उचलून बघितली आणि परत खाली ठेवली. एक म्हातारा म्हणाला, "परका माणूस असता तर समजलं असतं. तुम्ही इथं राहिलात हो."

ती वेळ होती. एक पाऊल पुढं टाकून मला म्हणायचं होतं की हे माझं काम आहे. घरच्या गड्यांवर, दुकानात गिऱ्हाइकावर, अधिकाऱ्यावरसुद्धा जी जीभ सुटते ती तिथं हलली नाही. आणि तू हात जोडलेस. "चूक माझी हाय. हे पाहुणे, यांना काय ठावं. मला कळायला पाहिजे होतं. मी विचारायला पाहिजे होतं."

तू! जन्मभर फळा पुसायच्या आधी हात वर करणारा माणूस, तू म्हणालास की मी विचारायला पाहिजे होतं.

रविवारी उजाडताच तू एकटा किनाऱ्यावर गेला होतास. आम्ही मागून आलो. उपटलेल्या वेलींचे तुकडे करून, दोन-दोन पेरं वाळूत दाबून तू ओळी धरल्या होत्यास. आम्हाला जमण्यासारखं ते एकच काम होतं. दुपारपर्यंत आम्ही चौघं लावत होतो, विहिरीचं गोडं पाणी आणून घालत होतो. तारामावशीनं चहा पाठवला, पण ती आली नाही. निघताना तुला निरोप द्यायला मुख्याध्यापक एकटेच होते. लिहून आणलेला कागद वाचावा तसं ते बोलले.

जीपमध्ये तू पुढं बसलास. घाट चढेपर्यंत रहीमभाईनं कॅसेटही लावली नाही. मग दिगंबरला राहवेना. "काही म्हणा," म्हणाला, "समुद्र खुरपून आलेले आपण पहिलेच." रहीमभाई हसला. तू हसलास. आणि मी सगळ्यात मोठ्यानं हसलो, कारण तू हसलास म्हणजे मिटलं असं मला वाटलं. मिटायला काय, तू कधी काही काढलंच नाहीस. पुन्हा त्या गावाला मात्र गेला नाहीस. तारामावशी वारल्याचं पत्र आलं तेव्हा मी म्हणालो, रहीमभाईला जीप काढायला लावू का? तू म्हणालास, "राहू दे. कापसाचे दिवस हायेत तुझे."

पुढचं तर मला लिहायला जड जातंय. किस्सा राजूरभर झाला, मग भोकरदनपर्यंत गेला. 'समुद्रखुरपे गुरुजी'. तुझ्या वर्गातली पोरं तोंडावर हात धरून हसायची. दोन वर्षांनी तू केदारखेड्याला पूर्णेच्या पात्रातला कचरा काढायचं मनावर घेतलंस. राजूरच्या गणपतीला आलेली माणसं नदीत काय काय टाकून जातात ते तुला बघवत नव्हतं. तू रविवारी माणसं जमवायला लागलास, आणि माणसं म्हणायची, "गुरुजी, नदीचं पाणी खुरपून टाकता का आता?" कुणी आलं नाही. मी आलो असतो तर दहा जण आले असते. माझ्या शब्दाला तेवढी किंमत होती, ती माझ्या बापाच्या जमिनीची किंमत असली तरी. पण आलो असतो तर तुझ्याशेजारी वाकून उभं राहावं लागलं असतं, आणि तू खरंच कधी माझ्याकडं त्या किनाऱ्यावर बघितलंस तसं बघितलं असतंस, तर? दुकान आहे, पाहुणे आहेत, कंबर धरली आहे, असं सांगत राहिलो. तू आणि वहिनी, दोघंच जात राहिलात. किती रविवार, कुणास ठाऊक.

त्याच काळात माझा मोठा दहावीला आपटला. तू वर्षभर रोज सकाळी शाळेच्या आधी आमच्या ओट्यावर येऊन बसलास आणि त्याला काढलंस वर. घरात येऊन बस म्हटलं तर म्हणायचास, "ओट्यावर उजेड चांगला हाय." आज तो इंजिनिअर आहे. तू गेल्याचं कळल्यावर फोनवर हमसून रडला. मी त्याला समजावत होतो आणि मला माझीच लाज वाटत होती, कारण त्या वर्षभरात रोज सकाळी मी तुला चहा द्यायला बाहेर येत होतो. रोज. तीन शब्दांचं काम होतं, माझी चूक होती. चहा देऊन मी आत जायचो.

तर परवा दिगंबर बोलून बसला, आणि मी उठलो. ठरवून नाही उठलो, नेहमीसारखाच, आधी उठलो. म्हणालो, "समुद्र भास्करनं न्हाई खुरपला. म्या खुरपला. तो विचारून येतो म्हणत होता, म्या जाऊ दिलं न्हाई. तिथं साऱ्या गावापुढं त्यानं माझी चूक अंगावर घेतली, अन् मी नऊ वरसं त्याच्यावर हसून राह्यलो." दिगंबर माझ्याकडं असा बघत होता की जणू मी त्याच्या हातातून काही हिसकावून घेतलं. वहिनींनी मान वर केली. त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून तर ते लागलं. "भाऊजी, हे त्यांच्यासमोर का न्हाई सांगितलं?" त्यांनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग त्या वाढायला उठल्या.

पण ते निम्मंच होतं. खरं बोललो ते सोपं तेवढं. मी काय बोलून तुझ्या हातात खुरपं दिलं ते मांडवात सांगितलं नव्हतं. जिच्याबद्दल बोललो होतो ती तर समोर बसलेली होती. पंगत बसायला लागली तेव्हा मी तुझ्या मायजवळ जाऊन खाली बसलो. मी काय म्हणालो होतो ते शब्दाला शब्द सांगितलं. तिनं कानामागं हात धरला. "काय म्हंतो? मोठ्यानं बोल, बापू." मला तेच सगळं पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. पंगतीतली माणसं घास थांबवून ऐकत होती. वाढणाऱ्या बाया जागीच उभ्या राहिल्या.

तिनं कानामागचा हात खाली घेतला. मग म्हणाली, "तुमच्या रानात जन्म गेला माझा, ते खरंय. पर पयल्या दिवशी तुमच्या मायला इचारल्याबिगर म्या खुरपं टेकवलं न्हाई. दुसऱ्याचं वावर. कोणतं ठिवायचं, कोणतं काढायचं, आपल्याला काय ठावं? म्याच शिकवलं व्हतं त्याला." आणि मग तिनं माझं मनगट धरलं. तिच्या हातात अजून केवढी ताकद आहे. "त्यानं इचारतो म्हणलं व्हतं ना? तिथं? नक्की म्हणलं व्हतं?"

"हो. दोनदा म्हणला."

"मंग माझं लेकरू बराबर व्हतं."

तिनं हात सोडला आणि पदरानं तोंड झाकून ती रडली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली, असं वहिनींनी मला नंतर सांगितलं.

तू बरोबर होतास, भास्कर. मी तिला सांगितलं. तुला सांगितलं नाही.